संकरित पिल्लांत नर कोणता, मादी कोणती? आधी आई-बाप बघा

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरीजवळ तुमच्या घरामागे १४ कोंबड्या आहेत आणि कोंबडा एकच, लाल, ऱ्होड आयलंड रेड जातीचा. कोंबड्यांत पाच साध्या गावठी, दोन काळ्या ऑस्ट्रेलॉर्प, तीन कबऱ्या आणि लेअर फार्मवरून उतरलेल्या चार पांढऱ्या. दिवाळीनंतर ६० अंडी उबवणीच्या यंत्रात लावायची आहेत. पिल्लं निघाल्या दिवशीच कोंबडे बाजूला काढायचे आणि तलंगा, म्हणजे मादी पिल्लं, तेवढ्या ठेवायच्या, असा विचार आहे. शेजारच्या काकू सांगतात की निमुळतं अंडं कोंबड्याचं आणि गोल अंडं कोंबडीचं. हे खरं का, आणि नसेल तर पिल्लू बघून कसं ओळखायचं?

तुमच्या १४ कोंबड्यांपैकी फक्त त्या तीन कबऱ्यांच्या पिल्लांत पहिल्या दिवशी ओळखता येण्याची शक्यता आहे. त्यासाठीही आधी एक गोष्ट तपासावी लागेल, ती पुढे सांगतो. बाकीच्यांची पिल्लं कितीही निरखली तरी पहिल्या दिवशी त्यांच्या अंगावर खूण सापडणार नाही, कारण ती तिथे नसतेच. मी २२ वर्षं गुहागर तालुक्यात कोंबड्या पाळतो आहे, त्यातली १६ वर्षं स्वतःचं यंत्र चालवतो. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही पिल्लाच्या अंगावरच खुणा शोधत बसलो. पिल्लाला खूण त्याच्या आई-बापांच्या जोडीमुळे मिळते. जोडी योग्य नसेल तर खूण येत नाही.

काकूंच्या अंड्याचं आधी. आपल्याकडे मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन्ही सारखी असतात, झेड आणि झेड. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. तिच्या बलकातून झेड गेलं तर कोंबडा, डब्ल्यू गेलं तर कोंबडी. हा निकाल बलक अंडाशयातून सुटण्याच्या सुमारास लागतो. त्यानंतर बलकावर पांढरा चढतो, मग कवच चढायला जवळजवळ २० तास लागतात. म्हणजे अंड्याला निमुळता किंवा गोल आकार येतो तेव्हा आत काय आहे ते आधीच ठरलेलं असतं. आकार ज्या त्या कोंबडीच्या अंगचा असतो. एखादी जन्मभर निमुळतीच अंडी घालते आणि तिची निम्मी पिल्लं तलंगा निघतात. पिल्लाला पाय धरून उलटं लटकवणं, अंड्यावर दोऱ्याने सुई टांगणं, यांनाही काही आधार नाही. यंत्राचं तापमान कमी-जास्त करून माद्या वाढवता येतात असंही कोणी सांगेल. कोंबडीच्या अंड्यात तसं होत नाही, उलट पिल्लं कवचातच मरतात.

आता खुणेचं गणित. तेवढं नीट समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

कोंबडी आपलं एकमेव झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळतं, त्यामुळे मुलींचं झेड बापाकडून आलेलं असतं. काही रंगांच्या आणि पिसांच्या खुणा या झेडवरच बसलेल्या आहेत. आईच्या झेडवर ठळक खूण असेल आणि बापाच्या दोन्ही झेडवर ती नसेल, तर मुलगे आईची खूण घेऊन येतात आणि मुली बापासारख्या निघतात. आईचं मुलग्याकडे, बापाचं मुलीकडे, एवढं लक्षात ठेवा. उलटी जोडी लावली, म्हणजे खूण बापाकडे आणि आई साधी, तर काहीच कळत नाही. बाप शुद्ध असेल तर सगळ्याच पिल्लांना खूण येते. बाप मिश्र असेल तर निम्म्या मुलग्यांना आणि निम्म्या मुलींना. पुष्कळ जण इथेच फसतात. कुठेतरी ऐकलेलं असतं की पट्टेरी आणि लाल यांच्या संकरात नर-मादी ओळखता येतात, मग पट्टेरी कोंबडा आणून लाल कोंबड्यांवर सोडतात आणि सगळ्या पिल्लांच्या डोक्यावर ठिपका बघून गोंधळतात.

ही पद्धत जुनी आणि पक्की आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती, तेव्हा कोंबडे पोसण्यात खाद्य वाया जाऊ नये म्हणून केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी झेडवरच्या खुणा वापरून पिल्लं पहिल्या दिवशी वेगळी करण्याचं काम हाती घेतलं. आपली अडचण तीच आहे. असं पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत दीड-दोन किलो खाद्य खातं. ६० पिल्लांत ३० कोंबडे धरले तर त्यांच्याच पोटात ४५-६० किलो खाद्य जातं.

तुमच्या कबऱ्या कोंबड्यांकडे येतो. आपल्या कोकणात पट्टेरी आणि ठिपकेदार या दोघींनाही सरसकट कबरी म्हणतात. आपल्या कामाची आहे ती पट्टेरी. ठिपकेदार कोंबडीचा गुण झेडवर नसतो, तिची पिल्लं बघून काही कळणार नाही. म्हणून एक करा. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की तिघींच्या छातीचं किंवा पाठीचं एकेक पीस घ्या आणि उजेडात धरा. काळ्या पिसावर आडवे फिकट पट्टे एकामागून एक, थेट देठाकडच्या मऊ लवेपर्यंत गेलेले दिसले तर ती खरी पट्टेरी. पट्ट्यांच्या कडा जरा धूसर असतात, रेघ मारल्यासारख्या कापीव नसतात. पीस सगळं काळं आणि टोकाला तेवढा पांढरा ठिपका असेल तर ती ठिपकेदार. तपकिरी पिसावर बारीक काळी नक्षी असेल तर तीही सोडून द्या. गावठी कोंबड्यांत अशी नक्षी खूप आढळते आणि लांबून ती पट्ट्यांसारखीच भासते.

खरी पट्टेरी कोंबडी आणि तुमचा लाल कोंबडा ही योग्य जोडी आहे. परदेशात प्लायमाउथ रॉकच्या पट्टेरी कोंबड्यांवर असाच लाल कोंबडा सोडून हा संकर करतात. दोन्ही काळी पिल्लं निघतात. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला मळकट पांढरा किंवा पिवळसर ठिपका असतो, मादीचं डोकं सगळं काळं असतं.

बघायची वेळ मात्र सांभाळा. २१ व्या दिवशी सकाळी यंत्राचं दार उघडलं की पिल्लं ओली असतात. लव चिकटून डोक्याची कातडी दिसते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठिपका असल्यासारखं वाटतं. माझ्या पहिल्या पट्टेरी खेपेला मी ओल्यातच निवड केली आणि ११ तलंगा कोंबडे समजून विकल्या. लव सुकून कापसासारखी फुलली की मगच हात लावा. तुसाच्या टोपलीत, बल्बखाली, चार-पाच तासांनी एकेक पिल्लू मुठीत घ्या, मान अंगठ्याने किंचित पुढे करा आणि वरून बघा. नराचा ठिपका बारीक असला तरी असतोच. कडेला दोन-चार पांढरे केस तेवढे असतील आणि शंका येत असेल तर ते पिल्लू तिसऱ्या टोपलीत ठेवा. मी शंकेची पिल्लं कधीच विकत नाही.

पोटाखाली आणि पंखाच्या टोकाला पांढरं असणं ही खूण नव्हे. काळ्या पिल्लांत ते दोघांनाही असतं. फक्त डोकं बघायचं.

तुमची कोंबडी शुद्ध प्लायमाउथ रॉक नसून गावठी पट्टेरी असेल, आणि बहुधा तसंच असेल, तर तिची सगळी पिल्लं काळी निघणार नाहीत. काही तपकिरी, पाठीवर खारीसारख्या रेघांची निघतील. तपकिरी पिल्लाच्या डोक्यावरचा ठिपका रेघांत हरवतो, तिथे पहिल्या दिवशी निवाडा करू नका. पण ती पिल्लंही वाया नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पंखाची खरी पिसं फुटली की त्यांवर आडवे पट्टे दिसले तर नर, साधी असली तर मादी. आठ आठवडे तुरा लाल होण्याची वाट बघण्यापेक्षा हे पुष्कळ आधी कळतं. काळ्या पिल्लांची निवड बरोबर होती का, तेही याच पिसांवरून पडताळून घ्या. मुलगे आईसारखे पट्टेरी होतात, मुली काळ्याच राहतात आणि पुढे त्यांच्या मानेवर लालसर-सोनेरी झाक येते.

आता तुमच्या बाकीच्या कोंबड्या.

काळी ऑस्ट्रेलॉर्प आणि लाल कोंबडा हा संकर आपल्या हवेला चांगला आहे, तलंगा अंडीही भरपूर देतात. पण ऑस्ट्रेलॉर्प आईकडे ओळखीची खूण नाही. पिल्लं सगळी काळी, नर-मादी सारखीच. साध्या गावठी कोंबड्यांचंही तेच. उघड्या मानेच्या किंवा उलट्या पिसांच्या असल्या तरी ते गुण झेडवर नाहीत, दोघांतही सारखेच उतरतात.

पांढऱ्या लेअरबद्दल मात्र सावध करतो. लाल कोंबडा आणि रुपेरी कोंबडी या जोडीत नर पिल्लं फिकट पिवळी आणि माद्या लालसर-तांबूस निघतात, हे अगदी खरं आहे. लाल म्हणजे इथे सोनेरी गुण, आणि रुपेरी हा गुण झेडवर असतो. लाइट ससेक्स जातीच्या कोंबडीवर ऱ्होड आयलंड रेड कोंबडा सोडला की हे हमखास होतं. तपकिरी अंडी देणाऱ्या तांबड्या लेअर कोंबड्या अशाच संकराच्या मुली असतात, त्यांचे भाऊ पांढरे निघतात. पण तुमच्या चार कोंबड्या पांढरी अंडी देणाऱ्या, लेगहॉर्न रक्ताच्या. त्यांचा पांढरा रंग वेगळा आहे, तो बाकीच्या रंगांवर चुना फासल्यासारखा बसतो. त्यांची जवळजवळ सगळी पिल्लं पिवळी निघतील, नरही आणि माद्याही. त्यांत फिकट नर आणि गडद मादी असं शोधू नका. दापोली-खेडकडे मी हे पुष्कळदा बघितलं आहे. लोक स्वस्तात पांढऱ्या लेअर आणतात, पिवळ्या पिल्लांतली जरा गडद निवडून तलंगा म्हणून ठेवतात आणि चौथ्या महिन्यात त्यांतली निम्मी आरवायला लागतात.

कोणी तांबड्या लेअर आणल्या तरी तेच. त्या स्वतः सोनेरी असतात, रुपेरी खूण त्यांच्या भावांकडे गेलेली असते. मुलग्यांना देण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलेलं नसतं.

यावरून तुमच्या पुढच्या वर्षाचाही प्रश्न सुटतो. पट्टेरी आई आणि लाल बाप यांची काळी तलंग आणि तिचा पट्टेरी भाऊ यांची जोडी लावून पुन्हा डोक्यावर ठिपका शोधला, तर तो निम्म्या नरांत आणि निम्म्या माद्यांत सापडेल. म्हणून दर वेळी मूळ जोडीच लागते. पट्टेरी आई सांभाळा, लाल बाप सांभाळा. संकराची पिल्लं अंड्यांसाठी आणि मटणासाठी, पैदाशीसाठी नाहीत.

आता पंख बघून ओळखण्याबद्दल, कारण कोणीतरी तुम्हाला ते नक्की सांगेल. हॅचरीत हे रोज चालतं. पिल्लू डाव्या हातात घेतात, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पंख पंख्यासारखा उघडतात आणि उजेडासमोर धरतात. कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात, खालची मोठ्या पिसांची आणि वरची झाकणाऱ्या पिसांची. खालची वरच्यापेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी. दोन्ही सारखी, किंवा वरचीच लांब असेल तर नर. पण त्यासाठी आई सावकाश पिसं फुटणारी आणि बाप लवकर पिसं फुटणारा लागतो, आणि हॅचरीवाले पिढ्यान्‌पिढ्या तशा जोड्या राखतात. शिवाय हे पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दिसतं. नंतर वरची पिसं वाढून फरक पुसला जातो. गावठीत पिसं लवकर फुटणारी आणि उशिरा फुटणारी पिल्लं एकाच खुराड्यात सापडतात. तिथे पंख बघून तुम्हाला फक्त एवढंच कळेल की कोणत्या पिल्लाला पिसं लवकर फुटली. मी आमच्या गावठी पिल्लांवर दोन हंगाम हे करून बघितलं. पायात रंगीत दोरे बांधले, चौथ्या महिन्यात मोजले. अंदाज निम्मेच बरोबर आले.

विष्ठाद्वार दाबून बघण्याची जपानी पद्धत आहे. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी ती बसवली आणि १९३३ मध्ये ती जगभर गेली. कुठल्याही जातीच्या, कुठल्याही संकराच्या पिल्लाला ती लागू पडते, कारण ती रंगावर नव्हे, अवयवावर अवलंबून आहे. नराच्या आत मोहरीपेक्षाही बारीक, गोल, चमकदार उंचवटा असतो. पण काही माद्यांतही उंचवटा असतो, आणि तो दाबून चपटा होतो की नाही हे बोटाला कळावं लागतं. शिकायला हजारो पिल्लं हातातून जावी लागतात. ताई, तुम्ही हे घरी करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी ३० पिल्लांवर प्रयत्न केला होता. चुकीच्या ठिकाणी दाब पडला की पोटातला बलक फुटतो. दुसऱ्या दिवशी सात पिल्लं मान टाकून बसली, तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

कडकनाथबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण आता बऱ्याच घरी तो आला आहे. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची कोंबडी या जोडीतही झेडवरचा एक गुण आड येतो. आईकडून मुलग्यांना कातडीचा काळेपणा रोखणारा गुण मिळतो, मुलींना मिळत नाही. म्हणून मुली काळ्या कातडीच्या आणि मुलगे उजळ कातडीचे होतात. इथे पिसं बघू नका, पायाच्या नळ्या आणि चोचीच्या कडेची कातडी बघा. निकाल पहिल्या दिवशी न देता आठवडाभर थांबा. जोडी उलटी लावली तर हीही खूण जाते.

विकत आणलेल्या पिल्लांबद्दल एकच. वनराजा, गिरिराजा यांसारखी पिल्लं रंगीबेरंगी असतात आणि बहुधा नर-मादी मिश्रच विकली जातात. त्यांच्या लवेच्या रंगावरून कोणी माद्या निवडून देतो म्हणाला तर जास्त पैसे देऊ नका. मला एका विक्रेत्याने एकदा सगळ्या माद्या म्हणून १०० पिल्लं दिली होती, ४७ कोंबडे निघाले.

मग तुमच्या ६० अंड्यांचं काय करायचं? तुम्हाला खरोखर तलंगा हव्या असतील तर यंत्रात सगळ्यांची अंडी सरसकट भरू नका. आधी पिसं बघून पट्टेरी कोंबड्या ठरवा आणि त्यांना लाल कोंबड्याबरोबर वेगळ्या खुराड्यात ठेवा. तुमच्याकडे एकच कोंबडा आहे, ही इथे सोयीची गोष्ट आहे. पण शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून येत असेल तर कोंबड्या कोंडल्यानंतर तीन आठवड्यांनी अंडी जमवायला लागा, कारण कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज तितके दिवस टिकू शकतं. अंड्यावर पेन्सिलने कोंबडीची खूण आणि तारीख लिहा. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं लावू नका. तीन कोंबड्यांची आठवड्यात १२-१५ अंडी जमतील. एवढ्यासाठी यंत्र चालवण्यापेक्षा एखादी खुडूक गावठी कोंबडी रवणाला बसवा, थंडीत ती हे काम यंत्रापेक्षा चांगलं करते. पावसाळ्यात करू नका. आपल्या दमट हवेत तूस ओलं राहतं आणि वीज गेली की बल्बही जातो.

बाकीच्यांची अंडी लावायचीच असतील तर कोंबड्यांचा हिशेब धरूनच लावा. मार्गशीर्षात निघालेले कोंबडे शिमग्याला तयार होतात, फाल्गुनात निघालेले गटारीला. गावच्या राखणदार देवाला द्यायच्या राखणीलाही लोक लाल किंवा काळा कोंबडा मागून नेतात, तेव्हा ते नुकसान नाही. त्यांना ओळखायला सहा ते आठ आठवडे द्या. तुरा आधी लाल आणि जाड होतो तो नर, पाय जाड आणि चाल उभी तो नर. तलंगेची शेपटी लवकर फुटते आणि नीट दिसते, नराची बराच काळ बुटकी राहते. तिसऱ्या महिन्यात पाठीच्या मागच्या भागावर लांब, टोकदार, चकाकणारी पिसं आली की मग शंका उरत नाही. मादीची तिथली पिसं गोल टोकांचीच असतात.

पिसं तपासलीत की तिन्ही कोंबड्यांच्या एकेका पिसाचा फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून, दिवसाउजेडी काढून मला पाठवा. देठाकडची लव फोटोत यायला हवी. कोणाची अंडी बाजूला ठेवायची ते मी त्यावरून सांगेन.